खात्रीची बांधी

गावात कोणाचाही अर्ज असो, तो फिरून माझ्या ओसरीवर येतो. मी प्राथमिक शाळेचा मास्तर. घरी थोडी धानाची शेती, अक्षर बरं आणि डोकं गरम. चुकीच्या रकान्यात नाव लिहिणाऱ्या मोठ्या माणसावरही मी वर्गातल्या पोरावर ओरडावं तसा ओरडतो. ‘आधी सूचना वाचा, मग पेन उचला,’ हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या वेळा गेलंय की पोरं माझ्या पाठीमागे त्याची नक्कल करतात. माझ्या हातचा एकही अर्ज आजवर वाया गेला नाही, असं मी छाती काढून सांगायचो. एका अर्जानंतर ते सांगणं बंद केलं. तो माझ्या लेकीचा अर्ज होता.

तिची बारावी झाली, त्यामागोमाग इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा झाली. पेपर तिने दिले, आजारी पडलो आम्ही दोघं. बायकोला घास उतरेना आणि मला एका जागी बसवेना. मी चांगली चालणारी मोटरसायकल दिवसातून दोनदा पुसायचो. निकाल जवळ आला तसे नातेवाइकांचे फोन सुरू झाले. “लागला का जी निकाल?” “नाही लागला.” तासाभराने पुन्हा दुसरा कोणी. एकदा मी माझ्या साळ्याला सांगून टाकलं की निकाल लागला की गावात दवंडी देतो, तोवर तोंड दाखवू नको आणि ऐकवूही नको. बायकोने त्या दिवशी माझा फोन काढून घेतला आणि तांदळाच्या कोठीत पुरून ठेवला. तो आत वाजायला लागला की सगळी कोठी घुरघुरायची. लेक हसून हसून लोळायची.

“आई, तांदूळ बोलून राहिला पाहा,” म्हणायची.

मग मलाही हसू यायचं. तिघं हसायचो, धाकटा तेव्हा शाळेत होता, तोही हसायचा. ती कोठी अजून त्याच कोपऱ्यात आहे.

निकाल चांगला लागला. आम्ही मनात धरलं होतं त्याहून चांगला. बायको पदर तोंडाला लावून रडली. मी ओसरीवर आलो आणि समोरून जाणाऱ्या एका पोराला उगाच तेराचा पाढा विचारला.

लेकीला धातू शिकायचे होते. हे वेड तिला आजोळी लागलं. बायकोचं माहेर भंडाऱ्याचं, आणि त्या गल्लीत तेव्हा पितळी भांडी घडवण्याचं काम चालायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ही पोरगी एका म्हाताऱ्या कारागिराच्या दारात बसून राहायची. त्याने तिला भांडं वाजवून पाहायला शिकवलं. नखाने टिचकी मारायची आणि कान द्यायचा. चांगलं भांडं लांबवर बोलत राहतं, आत तडा असला की गपकन थांबतं. घरी आल्यावर तिने आमचे गुंड, तांबे, पराती, देवघरातली घंटासुद्धा वाजवून पाहिली. पाहुण्यांच्या घरी गेलो तरी हिचं नख भांड्यावर. आठवीत असताना तिने मला विचारलं होतं, “बाबा, पितळ वाकते, मंग बिडाचा तवा काहून फुटते?” मला उत्तर येत नव्हतं. मास्तराला उत्तर आलं नाही की तो जे करतो तेच मी केलं, अभ्यास कर म्हणून तिच्यावर ओरडलो.

पुढे तिनेच शोधून काढलं की यावर अख्खी पदवी असते, तिला धातुशास्त्र म्हणतात, आणि ती शाखा राज्यात फार थोड्या ठिकाणी आहे. तिच्या गुणांना आणि तिच्या मनाला बसणारं कॉलेज पुण्यात होतं. गावात कोणाला सांगितलं तर “म्हंजे लोहारकाम का?” असं विचारायचे. ती चिडायची नाही. “हाव, मोठं लोहारकाम,” म्हणायची.

प्रवेशाचा अर्ज म्हणजे पसंतीचा क्रम लावणं. कोणतं कॉलेज आणि कोणती शाखा पहिली, कोणती दुसरी, अशी उतरंड. तिने आधीच्या वर्षांच्या याद्या उतरवून काढल्या, आठ दिवस त्यांच्याशी झटली, आणि वहीच्या एका पानावर सहा नावं लिहिली. पहिलं पुण्याचं धातुशास्त्र. शेवटचं, सहावं, नागपूरच्या वाटेवरचं, आमच्या घरापासून दीड तासावर असलेलं एक कॉलेज आणि त्यातलं कॉम्प्युटर. ते तिने माझ्यासाठी लिहिलं होतं. “कुठंच नाही लागलं तं असू द्या,” म्हणाली.

अर्ज भरायचे दिवस आले आणि ती तापाने पडली. जुलै होता, गावात घरोघरी ताप होता आणि शेतात रोवणा चालू होता. आमच्याकडे धानाच्या लावणीला रोवणा म्हणतात. बाया बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, उतरल्या की त्यांना थांबवता येत नाही, म्हणून बायको शेतात. पावसाने गावातली रेंज गेलेली, फोनवर नुसतं चाक फिरत होतं. मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती. लेक गोधडीत गुंडाळून खाटेवर पडली होती, डोळे लाल. तिने उशाखालून ते पान काढून माझ्या हातात दिलं.

“बाबा, याच क्रमानं भरजा. मी तपासून ठेवलं आहे.”

“हाव ना बाई. मी का आज अर्ज भरून राहिलो?”

ती हसली आणि डोळे मिटून घेतले. पान मी प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवी खिशात घातली आणि पवनीला निघालो.

पवनीत ऑनलाइन अर्ज भरायचं एक दुकान होतं. ते एक बाई चालवायची, माझ्या लेकीपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. गावातले निम्मे अर्ज मी तिच्याकडूनच भरून घेतले होते. दुकानात तेव्हा आईबापांची गर्दी होती. सगळ्यांच्या हातात फायली आणि चेहरे असे की आत कोणाचं ऑपरेशन चालू आहे. माझा नंबर आला. तिने पान समोर ठेवलं, वाचलं, पहिलं नाव शोधून काढलं.

“गुरुजी, क्रम हाच ना?”

मी म्हणालो, “थांब. तो सहावा वर घे. पहिला.”

माझ्या फोनवर ओटीपीचे आकडे आले, कारण अर्जात नंबर माझा होता. मी ते तिला वाचून दाखवले. अर्ज लॉक झाला.

यादी लागली तेव्हा लेक बरी झाली होती. ओसरीवर माझ्या शेजारी बसून तिने फोनवर ती उघडली. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं होतं, म्हणजे दीड तासावरचं कॉम्प्युटर. आणि पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप पक्की होते. ती घ्यावी लागते, नाही घेतली तर पुढच्या फेऱ्यांतून माणूस बाहेर. मग पुण्याची शेवटची जागा किती गुणांवर गेली ते तिने पाहिलं. तिचे गुण त्याहून जास्त होते.

“बाबा, हे पयल्यावर कसं आलं?”

मी तिला बांधीचं सांगितलं. आपण रोवणा कुठून सुरू करतो? तलावाच्या पाळीखालच्या बांधीपासून. तिथे पाणी खात्रीचं, म्हणून ती आधी. चढावरच्या बांध्या नंतर, पावसाने साथ दिली तर. माझ्या बापाने तसंच केलं, मीही तसंच करत आलो. मला वाटलं, अर्जातही खात्रीचं आधी मागून ठेवावं, मग पुढच्या फेरीत वर चढता येईल. हे उलटं चालतं हे मला ठाऊक नव्हतं.

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “त्या ताईनं सांगितलं नव्हतं का, पयला लागला तं तोच पक्का होते म्हणून?”

“नाही,” मी म्हणालो.

“बरं,” ती म्हणाली आणि उठून आत गेली.

बांधीची ही गोष्ट मी पुढे सगळ्यांना सांगितली. लोकांना ती पटायची. शेतकऱ्याचं डोकं, असंच चालणार, म्हणून मान हलवायचे. दुकानातल्या बाईने सांगायला पाहिजे होतं, असंही म्हणायचे. दोघातिघांनी तिच्याकडे जाणं सोडलं. मी तर सोडलंच होतं.

आता खरं सांगतो. तिने सांगितलं होतं. माऊसवरचा हात काढून, माझ्याकडे वळून सांगितलं होतं. “गुरुजी, पयला लागला का तोच फिक्स होते. पोरीले विचारलं का?” मी म्हणालो, विचारलं. तिला पटलं नसावं, कारण लॉक करायच्या आधी तिने पुन्हा तेच सांगितलं, आणि मी तिच्यावर खेकसलो की मला अर्ज शिकवू नको. शिवाय माहितीपुस्तिका घरी होती. तो नियम मी स्वतः वाचला होता आणि सवयीने त्याच्याखाली लाल पेनाने रेघही मारली होती. बांधीबिंधी काही नव्हतं. बांधी मला परत येताना रस्त्यात सुचली. पाऊस जोरात आला म्हणून मी तलावाच्या पाळीवर झाडाखाली थांबलो, खाली रोवलेली पहिली बांधी दिसत होती, आणि आता घरी काय सांगायचं ते मला तिथे मिळालं.

मला ती जायला नको होती, एवढंच कारण आहे. पुणं वाईट म्हणून नाही, पोरीवर विश्वास नाही म्हणूनही नाही. ती गेली की आमच्या घरात बोलणार कोण, हा माझा प्रश्न होता. मी आणि बायको एकमेकांशी तिच्यामार्फत बोलायचो. मी ओरडलो की ती हसायची आणि माझा राग तिथेच विरून जायचा. ती पुण्याला गेलेली, मी संध्याकाळी शाळेतून घरी आलोय आणि चूल, खाट, भांडी सगळं गप्प आहे, असं चित्र मला त्या दुकानात बसल्या बसल्या दिसलं आणि मी घाबरलो. दुसऱ्याच्या पोरांना मी छाती ठोकून सांगायचो, जा, दूर जा, शिका. माझ्या पोरीची वेळ आली तेव्हा मी तिच्या तापाचा फायदा घेतला.

गावात मात्र आनंदीआनंद. कॉम्प्युटर मिळालं म्हणून लोक घरी येऊन अभिनंदन करून गेले. धातुशास्त्रापेक्षा हेच बरं, गुरुजींनी डोकं लावलं, असं एकाने माझ्या तोंडावर म्हटलं. बायकोला यातलं काही माहीत नव्हतं. “जवळच राह्यली, देवानं ऐकलं,” म्हणून तिने नारळ फोडला. लेकीने तो प्रसाद सगळ्यांना वाटला. मलाही दिला.

पहिल्या वर्षी ती दर शनिवारी घरी यायची. दुपारच्या गाडीने उतरायची आणि हातपाय धुऊन ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसायची. कॉलेजचं काही विचारलं तर सांगायची, नाहीतर गप्प बसून राहायची. मला वाटायचं, पोरीला बापाची ओढ आहे. मला फार बरं वाटायचं. मी तिला शाळेतल्या गमती सांगायचो, गावातली भांडणं सांगायचो, पावसापाण्याचं सांगायचो. ती ऐकायची, मध्येच माझ्या तोंडाकडे पाहायची. मी बोलत सुटायचो. रविवारी संध्याकाळी ती परत जायची.

दुसऱ्या वर्षी पंधरा दिवसांनी येऊ लागली. मग महिन्याने. मग परीक्षा आहे, प्रोजेक्ट आहे. पुण्याहून ती दिवाळीला आणि उन्हाळ्यात आली असती. दीड तासावरून ती दिवाळीला आणि उन्हाळ्यात येऊ लागली.

तिने काही कमी केलं नाही. चांगल्या गुणांनी पास झाली, नागपूरला नोकरीला लागली. आईच्या गुडघ्यांची औषधं तीच पाठवते, माझ्या चष्म्याचा नंबर तिला पाठ आहे. रविवारी ठरल्या वेळी फोन करते. कधी उलटून बोलली नाही. मी मात्र वाट पाहायचो की एकदा तरी ही माझ्यावर ओरडेल, ताट ढकलेल, मग मीही ओरडेन आणि त्या आरडाओरड्यात ते बाहेर पडेल. तिला ओरडताच येत नव्हतं. एका दिवाळीत बायकोने सगळी पितळी भांडी घासून अंगणात वाळत ठेवली होती. लेक त्यातून चालत गेली, पाय लागू नये म्हणून साडी सावरत, आणि एकाही भांड्याला तिने टिचकी मारली नाही. बायको म्हणाली, मोठी झाली आता. मी गोठ्यात जाऊन उभा राहिलो.

यंदा धाकट्याची बारावी झाली. पुन्हा तीच परीक्षा, तोच निकाल, तेच नातेवाइकांचे फोन. बायकोने तांदळाच्या कोठीची आठवण काढली, पण फोन पुरायचा उत्साह कोणालाच नव्हता. धाकट्याला बरे गुण आहेत. त्याच्या मनात समुद्रातल्या जहाजांचं काहीतरी आहे. समुद्र त्याने अजून पाहिलेला नाही.

अर्ज भरायचे तीन दिवस होते. लेकीने तीन दिवसांची रजा टाकली आणि घरी आली. सलग तीन दिवस ती घरी राहिली असं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं, म्हणून बायकोने पहिल्याच दिवशी वडाभात केला. जेवणं झाली. लेक लॅपटॉप उघडून भावाला घेऊन बसली. मी चष्मा लावून माझी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली, तेव्हा तिने माझ्यापुढे हात केला.

“बाबा, फोन द्या.”

मला वाटलं, आकडे आले असतील. मी दिला.

“अर्ज लॉक होतपर्यंत माझ्याजवळच राहू द्या.”

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. लहान पोराच्या हातातला विळा आपण जसा अलगद काढून घेतो, तसा तिने तो घेतला. कोठीत नाही ठेवला. आपल्या पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन लावली. धाकटा काही न कळून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होता. मी खुर्ची होती तिथे मागे नेऊन ठेवली.

ते तीन दिवस मी बिनफोनचा होतो. शाळेतल्या कोणाला काही विचारायचं असेल तर ते घरी यायचे. गावातला एक जण शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन आला, त्याच्या पोराची जन्मतारीख चुकली होती आणि मी ओरडलो नाही. तो घाबरून म्हणाला, “गुरुजी, तब्येत बरी आहे ना?”

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकट्याचा अर्ज लॉक झाला. पहिल्या क्रमांकावर त्याने मुंबईकडचं कॉलेज लिहिलं होतं, आणि ते पहिल्याच क्रमांकावर राहिलं. मी ओसरीवर बसलो होतो. लेक आली, पर्सची चेन उघडून फोन बाहेर काढला आणि माझ्या शेजारी बसली. पहिल्या वर्षी शनिवारी बसायची, त्याच जागी.

मी म्हणालो, “बाई, त्या वेळी... त्या ताईनं सांगितलं होतं मले. दोनदा सांगितलं होतं.”

“मले माहीत आहे.”

“कधीपासून?”

“यादी लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. प्रिंट काढाले तिच्याकडेच गेली होती ना मी. ती रडाले लागली होती बिचारी. तिले वाटलं, तिचीच चूक झाली.”

अंगणात बायको तांदूळ पाखडत होती. मला तिच्याकडे पाहवेना आणि लेकीकडेही पाहवेना.

“मंग तू मले बोलली काहून नाही?”

तिने फोनची काच ओढणीने पुसली.

“मी वाट पाहून राहिली होती, बाबा. तुमी स्वतःच सांगाल म्हणून. पयल्या वर्षी दर शनिवारी मी त्याच्यासाठीच येत होती.”

तिने फोन माझ्या हातात दिला, आणि पाचची गाडी गाठायची होती म्हणून बॅग भरायला आत गेली.